अमेरिकेतील ‘सकारात्मक कृती’चा वाद आणि आपण

प्रस्तुत लेखाचे निमित्त एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. २०२३ च्या जुलै महिन्यात आपल्या संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात नुकताच बारावी झालेला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने आरक्षण बंद केले असे पेपरात आले आहे. क्लासमधली मुले म्हणतात, आता तुमचाही नंबर लागणार. खरे आहे का?” वर्गात थोडी चुळबुळ झाली. त्या दिवशी आम्ही दिलेले उत्तर घाईचे होते. अशा प्रश्नाची घाईच्या उत्तराने बोळवण करणे बरे नव्हे, हे आम्हांस घरी गेल्यावर डाचत राहिले. म्हणून पुढचे काही रविवार आम्ही याच विषयाला दिले. त्या चर्चेतून जे हाती लागले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे, विशेषतः विद्यार्थ्यांपुढे, ठेवीत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की त्या प्रश्नातच एक गैरसमज आहे. घटनेने मान्य केलेले आणि टक्केवारीने ठरलेले, अशा आपल्या अर्थाचे आरक्षण अमेरिकेत कधी नव्हतेच. तेथे जे होते त्याला अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन म्हणजे सकारात्मक कृती असे नाव आहे. या दोन गोष्टी एका माळेत ओवल्या की पुढचा सगळा वाद भरकटतो, आणि तो भरकटावा अशी इच्छा असणारेही थोडे नाहीत.

शब्द कोठून आला

अमेरिकेतील गुलामगिरीचा आणि आपला संबंध आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला तो निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्यांच्या त्या अर्पणपत्रिकेला आठच वर्षे आधी, १८६५ साली, तेराव्या घटनादुरुस्तीने तेथील गुलामगिरी संपली होती. १८६८ साली चौदावी दुरुस्ती झाली आणि कायद्याचे समान संरक्षण हे शब्द घटनेत आले. परंतु शब्द येणे वेगळे आणि माणसाच्या वाट्याला येणे वेगळे. १८९६ साली त्याच देशाच्या सुप्रीम कोर्टाने, आगगाडीचे डबे गोऱ्यांचे वेगळे व काळ्यांचे वेगळे ठेवले तरी समानतेचा भंग होत नाही, असा निवाडा दिला. तो मोडायला १९५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ब्राऊन खटल्यात शाळांतील वेगळेपणा बेकायदा ठरला. तो खटला लढवणारे कृष्णवर्णीय वकील थर्गुड मार्शल पुढे १९६७ साली त्याच कोर्टाचे न्यायाधीश झाले.

६ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी एक आदेश काढला. सरकारी कंत्राट घेणाऱ्या कंपन्यांनी नोकरभरतीत वंशभेद करू नये, एवढेच नव्हे तर तो होणार नाही यासाठी सकारात्मक कृती करावी, असे त्यात म्हटले होते. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि २४ सप्टेंबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ११२४६ क्रमांकाचा आदेश काढून ही व्यवस्था पक्की केली. १९६७ पासून तीत स्त्रियांचाही समावेश झाला. जॉन्सन यांनी १९६५ च्या जूनमध्ये हॉवर्ड विद्यापीठात केलेल्या भाषणात, वर्षानुवर्षे साखळदंडात जखडलेल्या माणसाला मोकळे करून शर्यतीच्या रेषेवर उभे केले आणि ‘पळ आता’ म्हटले तर तो न्याय होत नाही, या अर्थाचा दाखला दिला होता. शिष्यवृत्तीच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हा दाखला फोड करून सांगण्याची गरज नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत ही कृती सुरू झाली ती खाजगी कंपन्यांपासून. सरकारचा पैसा घ्यायचा असेल तर सरकारचा नियम पाळा, असा तो सरळ हिशेब होता. १९६९ साली तो प्रत्यक्ष राबवला निक्सन यांच्या सरकारने, आणि निक्सन काही पुरोगामी म्हणून प्रसिद्ध नव्हते. फिलाडेल्फिया शहरातील सरकारी बांधकामांवर लोखंडकाम, नळजोडणी, वीजकाम अशा कुशल धंद्यांत काळे कामगार जवळजवळ नव्हतेच, कारण त्या धंद्यांच्या युनियनमध्ये त्यांना शिरकाव नव्हता. तेथे कंत्राटदारांना ठरावीक मुदतीत गाठायची उद्दिष्टे घालून देण्यात आली. या योजनेमागे श्रमखात्यातील कृष्णवर्णीय अधिकारी आर्थर फ्लेचर यांचा हात होता.

गुणवत्ता म्हणजे काय?

‘गुणवत्तेचे काय?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेला आहे. आमच्या विद्यार्थिदशेत कॉलेजच्या कार्यालयातील कारकून खिडकीतून “फ्रीशिपवाले बाजूला उभे राहा” अशी हाळी देत असे, आणि बाजूला उभे राहिलेल्यांत वर्गात पहिला आलेला मुलगाही असे. त्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील एका खटल्यात फार स्वच्छ मिळते. सबब त्याचा तपशील थोडा विस्ताराने देतो.

उत्तर कॅरोलिना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीचे एक वीजनिर्मिती केंद्र होते. तेथील ९५ कामगारांपैकी १४ कृष्णवर्णीय होते. केंद्रात पाच विभाग होते. झाडलोट व हमालीच्या विभागातच काळ्यांना काम मिळे, आणि त्या विभागातील सर्वांत जास्त पगार हा बाकीच्या चार विभागांतील सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी असे. १९५५ पासून कंपनीने वरच्या विभागांसाठी हायस्कूल उत्तीर्ण असण्याची अट घातली. पुढे नागरी हक्कांच्या कायद्याचे नोकरीविषयक प्रकरण २ जुलै १९६५ रोजी अमलात आले. नेमक्या त्याच दिवशी कंपनीने नवीन भरतीसाठी दोन लेखी चाचण्याही लागू केल्या. एक सामान्य बुद्धिमत्तेची, दुसरी यंत्रज्ञानाची. वरवर पाहता नियम सर्वांना सारखा, जात नाही की वर्ण नाही. पेपर द्या, पास व्हा, वर या.

तेरा कामगार कोर्टात गेले. त्यांचे पुढारी विली ग्रिग्ज यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो. खालच्या कोर्टांत त्यांची मुख्य मागणी मान्य झाली नाही. सुप्रीम कोर्टाने मात्र ८ मार्च १९७१ रोजी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने दोन गोष्टी पाहिल्या. १९६० च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते आणि काळे पुरुष १२ टक्के. म्हणजे वेगळ्या आणि निकृष्ट शाळांत ज्यांना शिकवले, त्यांच्याकडेच पुन्हा शाळेचा दाखला मागायचा. दुसरी गोष्ट याहून बोलकी. ही अट येण्यापूर्वी भरती झालेले, हायस्कूल पास नसलेले गोरे कामगार त्याच विभागांत वर्षानुवर्षे व्यवस्थित काम करीत होते आणि बढत्याही घेत होते. म्हणजे अटीचा कामाशी काही संबंध नव्हता. जी परीक्षा कामासाठी लागणारी पात्रता मोजत नाही आणि एका समाजाला मात्र बाहेर ठेवते, ती हेतू चांगला असला तरी चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश बर्गर यांना निक्सन यांनीच नेमले होते.

आम्हांस हा खटला विद्यार्थ्यांनी तोंडपाठ करावा इतका महत्त्वाचा वाटतो. तो ‘गुणवत्ता नको’ असे म्हणत नाही. कोणती गुणवत्ता, कोणत्या कामासाठी आणि ती मोजली कशाने, एवढेच तो विचारतो. भारताच्या सुप्रीम कोर्टानेही २०२२ च्या जानेवारीत, वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशातील इतर मागासवर्गीयांच्या जागांच्या प्रकरणात, स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, त्या गुणांमागे घरची सांपत्तिक व सांस्कृतिक शिदोरी असते, असे म्हटले आहे.

लुइझियाना राज्यातील कैसर अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यातील गोष्टही अशीच. परिसरातील कामगारवर्गात ३९ टक्के कृष्णवर्णीय होते, परंतु २७३ कुशल कारागिरांत अवघे पाच. १९७४ साली कंपनी व युनियन यांनी प्रशिक्षणाच्या निम्म्या जागा त्यांना देण्याचे ठरवले. एका गोऱ्या कामगाराने दावा लावला. १९७९ साली न्यायालयाने योजना उचलून धरली.

सोळा जागांचा वाद

कॉलेज प्रवेशाची गोष्ट मात्र वेगळ्या वळणाने गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयात १०० जागांपैकी १६ जागा अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. अ‍ॅलन बकी या गोऱ्या अभियंत्याला १९७३ आणि १९७४ अशी दोन वर्षे प्रवेश मिळाला नाही, म्हणून तो कोर्टात गेला. २८ जून १९७८ रोजी निकाल लागला. चार न्यायाधीश एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला आणि मधे न्यायमूर्ती पॉवेल. त्यांनी दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे दिले. जागा राखून ठेवणे बेकायदा. परंतु विद्यार्थ्याची एकूण पारख करताना अनेक गोष्टींपैकी एक म्हणून वंशाचा विचार करणे कायदेशीर.

अनेकांना हा शहाणपणाचा मध्यममार्ग वाटला. आमचे मत वेगळे आहे. पॉवेल यांनी असेही म्हटले की, समाजाने पूर्वी केलेल्या अन्यायाची भरपाई हे कारण प्रवेशासाठी पुरेसे नाही. वर्गात निरनिराळ्या तऱ्हेचे विद्यार्थी असावेत, त्याने सर्वांचे शिक्षण समृद्ध होते, हे कारण चालेल. म्हणजे न्यायाचा आधार काढून घेतला आणि त्या जागी वैविध्याचा टेकू दिला. काळ्या मुलाला प्रवेश कशासाठी, तर त्याच्या सहवासाने गोऱ्या मुलाचे शिक्षण अधिक चांगले व्हावे यासाठी! थर्गुड मार्शल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात गुलामगिरीपासूनचा सारा इतिहास मांडून, ज्या घटनेने भेदभाव दोनशे वर्षे चालू दिला तीच आता त्याच्या निवारणाच्या आड यावी, याबद्दल खेद व्यक्त केला. ते अल्पमतात राहिले. टेकू पंचेचाळीस वर्षे टिकला.

मधल्या काळातील खटल्यांचा येथे फक्त उल्लेख करतो. मिशिगन विद्यापीठात पदवी प्रवेशासाठी १५० गुणांची मोजणी होती आणि त्यांत अल्पसंख्य विद्यार्थ्याला २० गुण मिळत. त्यावरून मोठे काहूर उठले आणि २००३ साली ती पद्धत रद्द झाली. याच मोजणीत भरती केलेल्या खेळाडूलाही २० गुण होते आणि माजी विद्यार्थ्याच्या मुलाला ४. त्यावर कोणी दावा लावला नाही. त्याच दिवशी, २३ जून २००३ रोजी, मिशिगनच्या विधी महाविद्यालयाची एकूण पारखीची पद्धत मात्र पाच विरुद्ध चार मतांनी टिकली. न्यायमूर्ती ओ’कॉनर यांनी, पंचवीस वर्षांनी याची गरज उरू नये, अशी अपेक्षा नोंदवली. कॅलिफोर्नियात तर १९९६ सालीच सार्वमताने सरकारी नोकऱ्या व शिक्षण यांतील अशी कृती बंद झाली होती. त्या मोहिमेचे पुढारी वॉर्ड कॉनर्ली स्वतः कृष्णवर्णीय. अशी माणसे प्रत्येक समाजात निघतात, त्याचे आश्चर्य वाटायला नको. परिणाम काय झाला? २००६ साली लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या पहिल्या वर्षात सुमारे ४,८०० विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय फक्त ९६ होते.

२०२३ चा निकाल

२९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि उत्तर कॅरोलिना या दोन विद्यापीठांविरुद्धच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार करणे चौदाव्या दुरुस्तीविरुद्ध ठरवले. निकाल सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिला. विद्यार्थ्याने आपल्या निबंधात वंशामुळे काय सोसले हे लिहिले तर ते वाचता येईल, एवढी फट ठेवली. गंमत अशी की, काळ्यांना समान वागणूक मिळावी म्हणून जी दुरुस्ती झाली, तिचाच आधार घेऊन हे घडले.

हा खटला आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या नावाने लढवला गेला. त्यांची तक्रार अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. हार्वर्डमध्ये व्यक्तिमत्त्वाला जी श्रेणी देत, तीत आशियाई मुले सरासरीने खाली दिसत होती, आणि त्याचे समाधानकारक उत्तर विद्यापीठाला देता आले नाही, असे आमचे मत आहे. परंतु त्याच खटल्यात बाहेर आलेल्या माहितीवरून अभ्यासकांनी दाखवले की, हार्वर्डमध्ये प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा डीनच्या खास यादीतील होते. देणगीदारांचे नातलग या शेवटच्या यादीत असतात. बापजाद्यांच्या पुण्याईवर मिळणारा हा प्रवेश २०२३ च्या निकालाने बंद केला नाही.

आपल्याकडील कित्येक सुशिक्षित घरांत या निकालाने आनंद झाला. न्यूजर्सीतील भाचा आता हार्वर्डला जाणार! त्यांना कोणीतरी सांगायला हवे की १९६५ पूर्वी अमेरिकेत वर्षाला जेमतेम शंभर भारतीयांना स्थलांतराचा कोटा होता. तो देशवार कोटा ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने गेला, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केलेल्या वातावरणातच झाला. पुण्या-मुंबईचे इंजिनीअर ज्या दारातून आत गेले, ते दार कोणी उघडले?

निकालानंतरच्या पहिल्या तुकडीत, २०२४ साली, एमआयटीमध्ये नव्या विद्यार्थ्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. सर्वत्र असे झाले नाही. येलमध्ये ते टिकून राहिले. पुढे २१ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जॉन्सन यांचा ११२४६ क्रमांकाचा आदेशही रद्द केला. म्हणजे कंत्राटदार कंपन्यांवरील वंश व स्त्री-पुरुष भेदाबाबतचे साठ वर्षांचे बंधन एका सहीने गेले. १९६४ चा कायदा मात्र कायम आहे.

आपले काय?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिकेच्या घटनेत समान संरक्षणाचे वाक्य आहे, विशेष तरतुदीचे वाक्य नाही. म्हणून सगळा खेळ न्यायाधीशांच्या अर्थ लावण्यावर आणि राष्ट्राध्यक्षाच्या आदेशावर राहिला. आपल्याकडे अनुच्छेद १६(४) पहिल्यापासून घटनेत आहे. शिक्षणाबाबत १९५१ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने मद्रास सरकारची जातवार प्रवेशपद्धत रद्द केली, तेव्हा दोनच महिन्यांत पहिली घटनादुरुस्ती होऊन १५(४) आले. बाबासाहेब तेव्हा कायदेमंत्री होते. १९७५ साली केरळच्या थॉमस खटल्यात, आरक्षण हा समानतेला अपवाद नसून समानतेचेच अंग आहे, ही भूमिका न्यायालयाने घेतली. आणि १० एप्रिल २००८ रोजी केंद्रीय शिक्षणसंस्थांतील २७ टक्के आरक्षणाच्या खटल्यात, अमेरिकेतील कठोर छाननीची कसोटी येथे लागू होत नाही, असे स्पष्ट झाले. तेव्हा तेथील निकालाने येथील आरक्षण जात नाही, हे ठाम उत्तर.

परंतु उत्तराचा दुसरा भागही त्या मुलाला सांगितला पाहिजे. आपले आरक्षण सरकारी नोकरीच्या उंबरठ्यापर्यंत आहे. सरकारी नोकऱ्या आक्रसत चालल्या, कामे कंत्राटावर गेली, आणि खाजगी कंपन्यांना हात लावणारा कायदा आपल्याकडे झालेला नाही. अमेरिकेत शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीला आपल्याकडे कोणत्या पदावर कोणत्या वंशाचे किती स्त्री-पुरुष आहेत याचा तक्ता दरवर्षी सरकारला द्यावा लागतो. ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली. ग्रिग्जसारखे खटले उभे राहतात ते आकडे असल्यामुळे. २००२ च्या जानेवारीतील भोपाळ परिषदेत दलित विचारवंतांनी अमेरिकेच्या याच अनुभवाकडे बोट दाखवून उद्योग-व्यापारातील भागीदारीची मागणी केली होती. पुढे उद्योगसंघटनांनी स्वेच्छेने काही करण्याचे मान्य केले. स्वेच्छेचे फळ स्वेच्छेइतकेच.

बाबासाहेबांचे या प्रश्नाकडे लक्ष होते. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे हार्लेमच्या शेजारीच, शिकले. १९४६ च्या जुलैमध्ये त्यांनी थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, कारण अस्पृश्यांच्या बाबतीतही तसे करण्याचा विचार होता. डु बॉइस यांनी त्याच महिन्याअखेर उत्तर दिले आणि सहानुभूती कळवली. पदवी मिळाली, नोकरीही मिळाली, म्हणून काम भागत नाही हे बाबासाहेब १९१७ साली बडोद्यात शिकले होते. महाराज सयाजीरावांनी नेमणूक दिली, परंतु राहायला घर मिळाले नाही आणि कचेरीतले शिपाई कागद हातात न देता लांबून टाकीत.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आता इंजिनीअरिंगला आहे. त्याच्या वरच्या वर्गातील आपल्या काही मुलामुलींच्या कॅम्पस मुलाखती झाल्या. लेखी चाचणीत वर राहिल्यानंतर मुलाखतीत “सीईटीला रँक किती होती?” असे विचारले गेल्याचे दोघांनी सांगितले. तीन-चार वर्षांपूर्वीच्या रँकवरून प्रवर्गाचा अंदाज येतो, कामाचा येत नाही. ग्रिग्जच्या कसोटीवर हा प्रश्न ठेवून पाहा, असे आम्ही त्यांना सांगितले. संस्थेने आता एक वही केली आहे. मुलाखतीची तारीख, कोणत्या पदासाठी, काय विचारले आणि निकाल काय लागला, एवढे चार रकाने तीत आहेत. वही विहाराच्या ग्रंथालयातील पहिल्या कपाटात ठेवली असून रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात कोणीही येऊन तीत नोंद करू शकतो. आजवर सतरा नोंदी झाल्या आहेत.